उजवीकडचा वैल

नामाच्या बिऱ्हाडाचं सामान बैलगाडीत चढत होतं आणि आळीतल्या बायका दारादारांत उभ्या राहून बायजाचं कौतुक करत होत्या. धाकट्या जावेला कुणी एवढं देतं का, असं एकीनं म्हटलं. दुसरी म्हणाली, "आमच्या थोरलीनं आमाला येगळं काढलं तवा एक फुंकणी दिली. ती पण दिवाळीला परत नेली."

बायजा देत होती हे खरं. बिडाचा तवा दिला, पितळेची परात दिली, वापरून गुळगुळीत झालेला पाटा-वरवंटा दिला. विळी दिली ती धार लावून दिली. गाडीवान बैल जुंपायला लागला तेव्हा ती पुन्हा घरात गेली आणि आपली काठवट घेऊन आली. फणसाच्या लाकडाची ती काठवट तिच्या आईनं लग्नात दिली होती, आणि तिच्यात दुसऱ्या कुणी पीठ मळलेलं बायजाला आजवर खपलं नव्हतं. आता बायकांनी तोंडात बोटंच घातली. मन खात असलं की माणसाचा हात सैल सुटतो, हे त्यांना कोण सांगणार.

ही धाकटी जाऊ, नामाची बायको जयवंता, या घरात आली त्याला तीन पावसाळे झाले होते. ती डावरी होती. माहेरी तिला त्यावरून कुणी काही बोललं नव्हतं. आली त्याच महिन्यात बायजा तापानं पडली आणि सासरची चूल पहिल्यांदा जयवंताच्या हाती आली. तिनं तांदळाच्या भाकऱ्या केल्या. दोघींचे सासरे आबाजी जेवायला बसले, नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली आणि घरभर ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरीच्या हाताला चव हाय. तुमची सासू गेल्यापासनं अशी भाकरी पोटात गेली नव्हती."

कुडापलीकडे घोंगडीत पडलेल्या बायजानं ते ऐकलं. सासू गेल्यापासून त्या घराची चूल तीच सांभाळत होती. माणसं जेवत होती, ढेकर देत होती, उठत होती. चांगलं झालंय असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. ताप उतरला त्या सकाळी तिनं जयवंताला चुलीपुढून उठवलं. "डाव्या हातानं थापतेस व्हय गं? ह्या घरात चुलीला डावा हात चालत नाय. आत्याबाई मरताना मला सांगून गेल्यात. डाव्या हाताचं अग्नी घेत नाय, घराला बाधतं."

सासूबाई असलं काहीही सांगून गेल्या नव्हत्या. त्या मरताना फक्त पाणी मागत होत्या. पण मेलेलं माणूस उठून खोटं पाडत नाही, त्या भरवशावर बायजानं ते रेटून दिलं. जयवंतानं कानाला हात लावला, चुलीच्या पाया पडली आणि तेव्हापासून ती घराच्या बाहेरचं बघू लागली. पाणी, शेण, गुरं, लावणी, उखळातलं कांडण. उजव्या हातानं कर म्हटलं तर ते तिला जमत नव्हतं, आणि डाव्यानं करायची बंदी. होता होता सगळ्या गावात झालं की नामाच्या बायकोला साधी भाकरी येत नाही. तिनं कुणालाही उलटून उत्तर दिलं नाही. बायजानं सुरुवातीला वाट पाहिली की ही कधीतरी भांडेल, मग आपणही भांडू आणि प्रकरण मिटेल. जयवंता भांडलीच नाही. हे फार वाईट झालं.

मग नामाला खोपोलीच्या बिजलीघरात काम लागलं. लढाईचे दिवस होते, खानावळीत कसल्या कसल्या पिठाच्या भाकरी मिळायच्या. त्याचं पोट बिघडलं. तेव्हा त्यानं तिथं एक खोली घेतली आणि आबाजींनी बायजाला सांगितलं, "तू जा संगती. चूल घालून दे, पोरीला हाताखाली शिकव, मग ये. तुझ्यावाणी शिकवणारी कुठं मिळायची?"

नामा मात्र तिरसटला होता. "शिकली तर ठीक, वयनी. घरात बायको असून मला खानावळीतच जेवायचं असंल तर तिला तिथं ठेवू कशाला? परत आणून सोडतो. हितं पाणी भरील."

जयवंता तेव्हा डोक्यावर हंडे घेऊन दारातून आत येत होती. तिनं ते ऐकलं आणि हंडे खाली ठेवले. गाडीत बसल्यावर, गाव मागं पडल्यावर, ती बायजाला एवढंच म्हणाली, "बाय, मला शिकवा. मला माझं घर करायचंय. परत नका आणू."

"शिकवीन की," बायजा म्हणाली आणि काठवटीवरची धूळ पदरानं पुसत राहिली.

खोली एका लांब चाळीत होती. मागं डोंगर, डोंगरावरून बिजलीघराकडे उतरलेले पाण्याचे जाड नळ, आणि खोलीच्या मागच्या दारी एक लहानसा ओटा. शेजारी मोतीबाई राहायची. पेणकडची, अंगानं मोठी आणि जिभेला हाड नसलेली. सामान उतरेपर्यंत तिनं दोघींच्या माहेरची चौकशी करून घेतली होती.

रिकाम्या खोलीत स्वयंपाकघर उभं करायचं म्हणजे आधी चूल. बाकी सगळं चुलीभोवती बसतं. बायजानं शेताच्या बांधाची माती गाडीतून आणली होती. तिच्यात भाताचा तूस आणि शेण घालून तिनं ती पायांनी तुडवली. जयवंता गोळे करून देत होती आणि बायजा रचत होती. तिच्या हातच्या चुलीला गावात मान होता. तिनं घातलेली चूल धुरकटत नाही, लाकूड कमी खाते, असं बायका म्हणत आणि लग्नाघरी तिला मुद्दाम बोलावून नेत. पुढं मोठं तोंड, त्यावर भांडं टेकायला तीन उंचवटे, आणि डाव्या अंगाला वैल. मोठ्या चुलीतला जाळ आतून त्या धाकट्या भोकाला पोचतो आणि भाकऱ्या होईस्तोवर कालवण तिथं रटरटत राहतं. वैल डावीकडे, कारण उजवा हात भाकरीला मोकळा हवा. ती आजवर अशाच चुली घालत आली होती.

वैलाचं तोंड गुळगुळीत करताना तिला जयवंताचा हात दिसला. मातीचा गोळा पुढे करणारा, डावा. बायजाच्या मनात काहीतरी टोचलं. पण वैल घालून झाला होता, आणि आता तो मोडायचा तर का मोडला ते सांगावं लागलं असतं. तिनं वरून शेणाचा हात फिरवला आणि म्हणाली, "छान झाली."

"लई छान, बाय," जयवंता म्हणाली.

चूल वाळेपर्यंत मागच्या ओट्यावर तीन दगड मांडून पेज शिजवली. तेवढ्या दिवसांत बायजानं बाकीचं लावून दिलं. नवी मडकी भिजत घातली, नाहीतर पहिल्याच जाळाला तडकतात. सुकट आणि मसाला उंदरांपासून वाचवायला छपराला शिंकं टांगलं. मीठ चुलीजवळ पण वाफेपासून लांब, पीठ जमिनीपासून वर, फुंकणी हाताशी. प्रत्येक गोष्ट कुठं आणि का, ते ती सांगत होती आणि जयवंता मान हलवत होती. सांगताना बायजाला बरं वाटायचं. सांगून झालं की पुन्हा खवखव सुरू. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही फक्त सुरणाबद्दल नाही.

चूल पेटली आणि शिकवणी सुरू झाली. उजव्या हाताची.

जयवंताला सगळं कळत होतं. पाण्याला आधण केव्हा येतं, पीठ किती घालायचं, उकड हाताला चटका बसत असतानाच मळली पाहिजे, हे तिला सांगावं लागत नव्हतं. पण भाकरी थापायला लागली की तिचा उजवा हात परक्याच्या घरी आल्यासारखा वागायचा. एक कड जाड, दुसरी कागदासारखी. उचलायला जावं तर मधोमध चिरायची. तव्यावर पाणी फिरवताना ते निखाऱ्यांवर सांडायचं आणि खोलीभर राख उडायची. नामा कामावरून यायचा, ताटातले तुकडे बघायचा आणि कालवणात कुस्करून खायचा.

"माझ्या हाताला येशच नाय, बाय," जयवंता म्हणाली. "तुमी एवढं शिकवताय."

"शिकशील गं. घरोघरी मातीच्या चुली. कुणाला पहिल्या दिवशी येतं?" बायजा म्हणाली. आपल्याला पहिल्या दिवशी भाकरी आली नव्हती आणि हिला आली होती, हे ती विसरली नव्हती.

एका दुपारी बायजा नळावरून लवकर परतली. मागचं दार लोटलेलं होतं. तिनं हंडा कमरेवर तसाच ठेवून फटीतून पाहिलं. जयवंता चुलीपुढे एकटी बसली होती आणि डाव्या हातानं भाकरी थापत होती. हात झरझर फिरत होता, काठवटीतला पिठाचा गोल एकसारखा मोठा होत होता. तिनं तो अलगद उचलून तव्यावर टाकला. भाकरी उलटायला तिचा डावा हात पुढे गेला तेव्हा तो वैलाच्या वरून गेला. वैलातून जाळाची जीभ वर आली. जयवंतानं ओठ दाबून धरले पण हात मागं घेतला नाही. भाकरी उलटली आणि टम्म फुगली.

एवढ्यात बायजाचा हंडा लागून दाराची कडी वाजली. जयवंता दचकली, घाईघाईनं हात बदलायला गेली आणि वैलावरचं कालवणाचं मडकं कलंडलं. उकळतं कालवण तिच्या मनगटावर आलं.

बायजानं पाणी ओतलं, तेल लावलं. तेल लावताना तिनं बांगड्या वर सरकवल्या. मनगटापासून कोपरापर्यंत, हाताच्या आतल्या बाजूला डाग होते. काही काळे पडलेले, काही अजून लाल. सगळे डाव्या हाताला, सगळे वैलाच्या जाळाचे.

"किती दिवस करतेस हे?"

"चुकले, बाय," जयवंता म्हणाली. "तुमी पाण्याला गेलात की करून बघते. त्या भाकऱ्या घरात नाय वाढत. मोतीबाईच्या म्हशीला घालते. घराला बाधायला नको." मग हळूच म्हणाली, "येते का ते बघत होते."

बायजानं तिचा हात सोडला आणि सांडलेलं कालवण पुसायला घेतलं. चूल मी घातली, तिच्या मनात येत होतं. वैल मी घातला. माझ्या हाताच्या मापानं घातला आणि हिला भाजायला बसवलं. पण लाज वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. गेले काही दिवस रोज सकाळी उठताना तिच्या मनात एकच विचार यायचा. तिकडे घरी आता पाणी कोण भरत असेल, शेण कोण काढत असेल. ही नापास झाली तर हे दोन हात परत मिळतील. असा विचार ती मुद्दाम करत नव्हती, तो आपणहून यायचा. पण आला की तो तिला आवडायचा, आणि हे तिला स्वतःचं स्वतःलाच सांगवत नव्हतं.

त्या संध्याकाळी भाजलेला हात बघून नामानं ठरवून टाकलं. "बाजाराच्या दिवशी आबा गाडी घेऊन येतोय. तुमी दोघी जावा त्याच्यासंगती. वयनी, तू लई केलंस. हिच्या नशिबात चूल नाय."

"चूल माझीच चुकली, नामा," बायजा म्हणाली.

नामा हसला. "तुझी चूल चुकंल? पुरं खालापूर तुला बोलवतं चूल घालायला. हिची बाजू घेऊ नकोस उगा."

सकाळी बायजा उठली तेव्हा जयवंतानं काठवट घासून उन्हात ठेवली होती. डोळे सुजले होते पण आवाज शांत होता. "ही तुमच्या आयेची. गाडीत आधी हीच ठेवू. माझ्या हातनं भंगायला नको."

बायजा त्या काठवटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू जा, ओढ्यावर धुणं घेऊन जा. घाई करू नको."

जयवंता वळणाआड गेल्यावर बायजानं मोतीबाईकडून कुदळ मागून आणली आणि चुलीवर पहिला घाव घातला. आवाज ऐकून मोतीबाई धावत आली आणि दारातच थबकली.

"अगं बया, नांदत्या घराची चूल मोडतेस? डोकं फिरलं काय तुझं? घर बसतं त्यानं."

"ही चूल चुकीची हाय."

"काय वाईट होतं तिच्यात? मी बघितलीय. अशी चूल आमच्या चाळीत नाय कुणाकडं."

"ज्या हातानं रांधायचं त्या हाताची नाय ही," बायजा म्हणाली आणि घाव घालत राहिली. भाजलेली माती फुटत नव्हती. चांगली चूल घालण्याची खोड अशी अंगाशी आली. मोतीबाईनं थोडा वेळ बघितलं, मग पदर खोचून तीही ढेकळं वेचायला लागली. ढेकळं वेचता वेचता ती म्हणाली, "जावेसाठी एवढं करणारी मी तरी बघितली नाय." बायजाला वाटलं, कुदळ तिच्याच हातात देऊन सांगावं, घाल माझ्या डोक्यात.

जयवंता ओल्या धुण्याचं गाठोडं घेऊन परतली आणि मोडलेली चूल बघून मटकन खाली बसली. तिला वाटलं, सगळं संपलं.

"रडू नको. तुझी वीत लाव हितं," बायजा नव्यानं तुडवलेल्या मातीकडे बोट दाखवत म्हणाली. "डाव्या हाताची."

"डाव्या?"

"वैल आता उजवीकडं घालायचा. डावा हात मोकळा पायजे भाकरीला."

जयवंतानं हात मागं घेतला. "पण बाय, आत्याबाई सांगून गेल्यात ना?"

इथं बायजानं खरं बोलायला हवं होतं. ओल्या मातीत दोघींचे हात होते, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं, मोतीबाई आपल्या म्हशीकडे गेली होती. शब्द तिच्या तोंडापर्यंत आले. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "आत्याबाईंचं ते घर तिकडचं. हे घर तुझं हाय. हितली चूल तुझी. हितं थापायला चालतो डावा."

जयवंताचा चेहरा उजळला. तिनं वीत ताणून मातीवर ठेवली. आणि बायजाच्या पदरी पहिल्या खोट्यात दुसऱ्या खोट्याची भर पडली. हे दुसरं दिसायला गोजिरं होतं, एवढाच फरक.

नामा चूल बघून वैतागला, पण वयनीपुढे त्याचं चालत नव्हतं. आबाजी येतील त्या दिवशी हिच्या हातचं जेवा आणि मग ठरवा, एवढं बायजानं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. तोवर तो पुन्हा खानावळीत जाऊ लागला. चूल आतून नीट सुकावी म्हणून बायजा तिच्यात गोवऱ्यांची धग ठेवायची आणि कुठं तडा गेला की ओलं बोट फिरवायची. डाव्या हाताची चूल घालताना तिचा हात प्रत्येक वळणावर चुकला होता. तिच्या आजवरच्या चुलींत ही सगळ्यात ओबडधोबड होती.

बाजाराच्या दिवशी आबाजी सकाळीच आले. गाडीत नाचणीचं पोतं होतं आणि परतीला दोघींना बसायला पेंढा पसरलेला होता. पेंढ्याकडे जयवंतानं एकदाच पाहिलं. नव्या चुलीवर आधी दूध ठेवलं, ते रीतीप्रमाणे उतू गेलं. मग तिनं तवा चढवला. उजवीकडे वैलावर सुकटीचं कालवण, मध्ये तवा, आणि डावा हात मोकळा. पहिली भाकरी फुगली तेव्हा तिनं तुकडा मोडून अग्नीला म्हणून चुलीत टाकला. तो तिनं उजव्या हातात घेऊन टाकला, हे बायजाला दिसलं. सवय असेल, तिला वाटलं. बाहेर पुरुष ताटावर बसले होते.

आबाजींनी पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले.

"ही भाकरी मी खाल्लीय," आबाजी म्हणाले. "पोर आली तवा. हीच चव."

बायजा दारात आली. "डाव्या हाताची हाय, आबा."

"मग?" आबाजी म्हणाले. "पोटाला काय ठावं, कुठल्या हाताची? तूच म्हणालीस, सासू सांगून गेलीय. मला मेली कधी काय बोलली नव्हती. म्हटलं, बायकांचं बायकांना, आपण कशाला मधी पडा." त्यांनी नामाकडे ताट सरकवलं. "खा की रं. बघत काय बसलास?"

नामा खात होताच. मान वर न करता त्यानं तिसरी भाकरी मागितली, मग चौथी. हात धुताना तो आबाजींना म्हणाला, "वयनीला घेऊन जा. ही ऱ्हाऊ दे हितंच." मग दाराकडे बघून, जरा मोठ्यानं, "वयनी, तुझे उपकार कधी फेडू? दगडाला पण भाकरी शिकवशील तू."

बायजा आत वळली. कुणीतरी एकदा तरी आपल्याला शिव्या घालाव्यात असं तिला वाटत होतं.

बापलेक बाजाराला गेले आणि दोघी चुलीपुढं जेवायला बसल्या. जयवंता हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. जेवणाआधी तिनं पुन्हा तुकडा मोडला, डाव्या हातातून उजव्यात घेतला आणि चुलीत टाकला.

या वेळी बायजानं विचारलं. "डाव्यानं का नाय टाकलास?"

"देवाला डावा कसा चालंल? थापणं येगळं. तुमी म्हणालात, हितली चूल माझी. पण अग्नी तर सगळीकडं तोच ना. आत्याबाईंचा शबूद तेवढा मी पाळणार."

बायजानं ताट बाजूला सरकवलं. "जयवंते, ऐक. आत्याबाई असं काय बोलल्या नव्हत्या. मी बोलले. आबांनी तुझ्या भाकरीला चांगलं म्हटलं, ते मला सोसलं नाय. म्हणून तुला चुलीवरनं उठवलं आणि त्यांच्या नावावर खपवलं. तीन पावसाळे तुला शेणात घातलं ते मी."

जयवंता तिच्याकडे बघत राहिली. बायजा वाट बघत होती. मग जयवंताचे डोळे भरून आले आणि तिनं बायजाचा गुडघा धरला.

"बाय, एवढं नका करू. माझ्यापायी आयेची काठवट दिली, चूल मोडली, आता मेलेल्या सासूला खोटं पाडताय. माझं मन ऱ्हावं म्हणून स्वतःवर घेताय. मला कळत नाय व्हय?"

"अगं, खरं सांगते."

"तुमी असं कराल? तुमी?" जयवंता मान हलवून हसली. मग लाजून खाली बघत म्हणाली, "तुमाला एक सांगायचंय. आधी तुमालाच. मला दिवस गेलेत. मी ठरवलंय, पोर डावरं निघालं तर पयल्यापासनं त्याचा हात चिंधीनं बांधून ठेवीन. रडलं तरी सोडायची नाय. माझ्यावाणी चुलीभाईर नको ऱ्हायला."

त्या न जन्मलेल्या पोराचा बांधलेला हात बायजाला डोळ्यांपुढे दिसला. गाठ तिनंच मारलेली होती. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, डाव्या हातात घेतला आणि जयवंता बघत असताना चुलीत टाकला. आपण स्वतः रचलेली गोष्ट, तरी आता आपल्याला काहीतरी होईल असं तिला क्षणभर खरंच वाटलं. तुकडा फुगला, काळा पडला, जळून गेला.

"घेतलं की नाय अग्नीनं?" ती म्हणाली. "बघ. डाव्याचं घेतलं."

जयवंताचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं तांब्या उचलला, बायजाचा डावा हात पुढे ओढला आणि त्यावर पाणी ओतलं, पोराचा हात धुवावा तसा. मग चुलीपुढं हात जोडून, डोळे मिटून, ती मनापासून बोलू लागली. "चुकली माझी बाय. तिच्या मनात काय वंगाळ नाय. माझ्या मायेपायी केलं तिनं. तिला पाप लावू नको. लावायचं तर मला लाव."

बायजा ओला हात मांडीवर घेऊन बसून राहिली. तिच्यासाठी माफी मागितली जात होती आणि ती भलत्याच पापाची होती. जिचा अपराध केला होता तीच ती माफी मागत होती.

"बाळंतपणाला माहेरी जायचं नाय," ती शेवटी म्हणाली. आवाज दरडावल्यासारखा निघाला. "हितंच करायचं आणि मी येणार. मी जिवंत हाय तोवर पोराच्या हाताला चिंधी बांधायची नाय. पायजे तर मी खोटारडी हाय म्हणून बांधू नको, पायजे तर मी सांगते म्हणून बांधू नको. पण बांधू नको."

"बरं, बाय. तुमी सांगाल तसं," जयवंता म्हणाली आणि तिच्या ताटात एक गरम भाकरी वाढली, डाव्या हातानं.

बायजानं ती खाल्ली. चांगली झाली होती. आपल्यापेक्षा चांगली होते, हे तिला कुडापलीकडे तापात पडल्यापासून ठाऊक होतं.